केळी घेताना काय पाहावे, काय विचारावे आणि घरी ती कशी पिकवावीत

फळांच्या गाडीजवळ उभे राहून आपल्यापैकी बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, "कार्बाइडची नाहीत ना हो?" म्हणजे कार्बाइड या रसायनाने पिकवलेली तर नाहीत ना. उत्तरही ठरलेलेच मिळते, "नाही ताई, एकदम नैसर्गिक." मग आपण समाधानाने सगळ्यात पिवळीधमक, एकही डाग नसलेली फणी उचलतो आणि घरी येतो. या प्रश्नोत्तरातून काहीही निष्पन्न होत नाही, शिवाय आपली निवडच विक्रेत्याला चुकीच्या मार्गाकडे ढकलते. माझे माहेर रावेर तालुक्यातले, केळीच्या बागेतले, आणि आता संसार शहरात. त्यामुळे केळे झाडावर कसे दिसते आणि गाडीवर येईपर्यंत त्याचे काय होते, हे दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. त्या अनुभवावरून आणि या विषयातील नियमांच्या आधारे ग्राहकाने प्रत्यक्ष काय करावे, ते येथे सांगते.

आधी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बाजारात आलेले जवळजवळ प्रत्येक केळे पिकवलेलेच असते. रावेर, यावल, चोपडा या जळगाव जिल्ह्यातील तालुक्यांत किंवा सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याकडे घड कापला जातो तेव्हा तो हिरवागार आणि कडक असतो. झाडावर पूर्ण पिकू दिलेल्या केळ्याची साल अनेकदा तडकते, घडातील फण्या मागेपुढे पिकतात आणि असे फळ ट्रकमधून पाचशे किलोमीटर जाऊच शकत नाही. म्हणून दूरच्या बाजारासाठी घड साधारण पाऊण तयार झाल्यावर कापतात. तयारी ओळखण्याची खूण म्हणजे केळ्याच्या कडा. कोवळ्या केळ्याच्या धारा बोटाला टोचतील इतक्या स्पष्ट असतात. फळ भरत जाते तशा त्या बोथट होतात आणि केळे गोलसर दिसू लागते. वडील घडाखाली उभे राहून मधल्या फणीतील एका केळ्यावरून अंगठा फिरवायचे आणि तेवढ्यावरून कापणी आज करायची की आठवड्याने, हे ठरवायचे. कापणीच्या दिवसाचे त्यांचे कपडे वेगळे असत, कारण केळीच्या चिकाचा डाग एकदा पडला की काळपट होऊन कायमचा राहतो. पूर्वी घड पानांच्या थरांवर रचून तसेच ट्रकमध्ये भरत. आता अनेक ठिकाणी फण्या वेगळ्या करून तुरटीच्या पाण्यात धुतात, म्हणजे चीक निघून जातो, आणि मग क्रेटमध्ये किंवा खोक्यात भरतात. क्रेटमधले केळे कमी घासले जाते आणि कमी काळे पडते. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा आहे.

हिरवे केळे शहरातल्या वखारीत पोहोचते आणि खरा प्रश्न तेथे सुरू होतो. ते पिकवण्याचे दोन मार्ग आहेत, आणि दोन्हींना लोक सरसकट 'केमिकल' म्हणतात. हा गोंधळ दूर झाला नाही तर पुढचे काहीच कळणार नाही.

पहिला मार्ग इथिलीन वायूचा. इथिलीन हा फळ स्वतःच तयार करते तो वायू आहे. पिकू लागलेले केळे, आंबा, चिकू, सफरचंद, टोमॅटो ही सगळी फळे तो सोडतात. आपल्या आज्या आंब्याची किंवा केळ्यांची अढी घालत, तेव्हा गवतात दाबलेल्या फळांचा हाच वायू आत कोंडला जाऊन सगळी फळे एकसारखी पिकत. आधुनिक रायपनिंग चेंबर म्हणजे याच अढीचे मोजूनमापून केलेले रूप होय. बंद खोलीत तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास ठेवतात, सुमारे एक दिवस इथिलीन सोडतात, मग खोलीत साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढून ताजी हवा खेळवतात, आणि चार-पाच दिवसांत केळी रंगावर येतात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने फळे पिकवण्यासाठी इथिलीन वायूला परवानगी दिलेली आहे. त्याचे हवेतील प्रमाण दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत असावे, अशी मर्यादा आहे. इथिलीन देणाऱ्या भुकटीच्या छोट्या पुड्याही वापरता येतात, मात्र त्या फळाला प्रत्यक्ष टेकता कामा नयेत. द्रवरूप औषधाच्या पाण्यात फळे बुडवून काढणे या परवानगीत बसत नाही.

दुसरा मार्ग कॅल्शियम कार्बाइडचा. हा पदार्थ वेल्डिंगच्या कामातला, दिसायला राखाडी खड्यांसारखा. हवेतल्या ओलाव्याशी त्याचा संबंध आला की ॲसिटिलीन वायू आणि उष्णता निर्माण होते. ॲसिटिलीन इथिलीनसारखाच, पण बराच दुर्बळ परिणाम करतो. फळाची साल पिवळी होते, परंतु आतला गर बहुधा तितका तयार झालेला नसतो. काळजीचे मुख्य कारण मात्र वेगळे आहे. कारखान्यातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचे अंश असतात आणि त्यांचे विषारी वायूही सोबत बाहेर पडतात. चक्कर, वारंवार तहान, घशाशी जळजळ, गिळायला त्रास, उलटी, अशक्तपणा असे त्रास प्राधिकरणाने आपल्या सूचनांमध्ये नोंदवले आहेत. सर्वात जास्त धोका वखारीत उघड्या हातांनी कार्बाइडच्या पुड्या टाकणाऱ्या मजुरांना असतो. त्यांचा विचार आपण क्वचितच करतो. विक्रीवरील प्रतिबंधांविषयीच्या २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांनुसार कार्बाइडने पिकवलेली फळे विकण्यास देशभर बंदी आहे. तरीही ते वापरले जाते, कारण त्याला खोली लागत नाही, वीज लागत नाही; क्रेटमध्ये पुडी टाकली, वरून ताडपत्री ओढली की काम झाले.

आता ग्राहकाला सर्वाधिक हवे असलेले उत्तर: नुसते पाहून कार्बाइडचे केळे ओळखता येते का? खात्रीने येत नाही, आणि तसे ठामपणे सांगणाऱ्या चित्रफितींवर विसंबू नये. "देठ हिरवा आणि केळे पिवळे, म्हणजे कार्बाइड" ही खूण सगळीकडे सांगितली जाते. वस्तुस्थिती अशी की चेंबरमध्ये योग्य तापमानाला इथिलीनने पिकवलेले ग्रँड नैन जातीचे केळे एका टप्प्यावर नेमके असेच दिसते: मधला भाग पिवळा, देठ आणि टोक हिरवट. दुकानात पाठवण्यासाठी हाच टप्पा सर्वात योग्य मानतात, कारण तेथून पुढे ग्राहकाच्या घरी दोन-तीन दिवस ते टिकते. म्हणजे ज्या खुणेवरून आपण चांगला माल नाकारतो, ती पुष्कळदा चांगल्या मालाचीच असते. पाण्यात तरंगणे किंवा बुडणे या परीक्षेलाही काही आधार नाही.

रंगाबद्दल आणखी एक बारकावा आहे, आणि तो उन्हाळ्यात फार उपयोगी पडतो. केळे फार उष्णतेत पिकले तर सालीतला हिरवा रंग नीट उतरत नाही; आत गर मऊ आणि गोड होतो, पण बाहेरून केळे हिरवट, मळकट दिसते. जळगावचा मे महिना ज्याने अनुभवला आहे त्याला हे सांगावे लागत नाही. आमच्या घरी उन्हाळ्यात माळ्यावर पिकलेली केळी कधीच सोन्यासारखी पिवळी झाली नाहीत, आणि चवीला ती अव्वल असत. शहरातला ग्राहक मात्र अशा फणीकडे पाहतही नाही. त्याला बारा महिने एकसारखा पिवळा रंग हवा असतो, आणि ज्या विक्रेत्याजवळ शीतखोली नाही तो हा रंग देण्यासाठी कार्बाइडच्या पुडीचा आधार घेतो. माझे स्पष्ट मत आहे की कार्बाइडविरुद्ध ग्राहकाने उचलायचे पहिले पाऊल म्हणजे रंगाचा हट्ट सोडणे.

मग विक्रेत्याला विचारायचे काय? "कार्बाइडची आहेत का?" याऐवजी "माल कोणत्या वखारीतून आला, आणि तेथे रायपनिंग चेंबर आहे का?" असे विचारावे. ज्याला ठाऊक आहे तो सरळ नाव सांगतो. जो गुळमुळीत बोलतो त्याच्याकडून फक्त हिरवी फणी घ्यावी, नाहीतर काहीच घेऊ नये. ज्या आस्थापनेत फळे पिकवली जातात तिच्याकडे अन्न सुरक्षा परवाना किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक असतो. मोठ्या दुकानांत तो दर्शनी भागात लावलेला दिसतो आणि आपण तो विचारू शकतो. शक्य असल्यास नेहमीचा एकच विक्रेता ठरवावा. चार आठवडे तोच प्रश्न ऐकला की तोसुद्धा पुढे वखारीत तो प्रश्न विचारू लागतो.

फणी हातात घेतल्यावर साल फुटलेली नाही ना, देठाजवळ बुरशी नाही ना आणि केळ्यांच्या कडा बोथट आहेत ना, एवढे पाहावे. सगळी केळी पिवळी असूनही धारदार कोनांची, सडपातळ आणि दाबल्यावर कडक असतील, तर ती कोवळी कापून घाईने रंगवलेली असण्याची शक्यता बरीच असते. मग पिकवण्याची पद्धत कोणतीही असो, त्यांना चव नसणार. तपकिरी ठिपक्यांना मात्र घाबरू नये. केळे पिकते तेव्हा त्यातील पिठूळ स्टार्चची साखर होते. कच्च्या केळ्याच्या गरात स्टार्च साधारण वीस टक्के असतो, पूर्ण पिकल्यावर तो जेमतेम एक-दोन टक्के उरतो. सालीवर ठिपके आले म्हणजे हा बदल पुरता झाला, एवढाच त्याचा अर्थ. त्याच दिवशी खायची असतील तर ठिपक्यांची केळी घ्यावीत. अनेकदा ती स्वस्तही मिळतात. वेलची केळी हिरवट सालीची घेऊन फसण्यापेक्षा पिवळी, पातळ सालीची, थोडी मऊ घ्यावीत, कारण ती अर्धकच्ची असताना तुरट लागतात.

सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे हिरवी फणी आणून घरी पिकवणे. त्याला फारसे कौशल्य लागत नाही, थोडा धीर लागतो. फणी वाहत्या पाण्याखाली धुऊन कापलेल्या भागाचा चीक काढून टाकावा आणि ती कपड्याने पूर्ण कोरडी करावी. ओल राहिली तर देठाला बुरशी येते. मग जाड कागदी पिशवीत किंवा सुती कापडात फणी ठेवून तिच्याबरोबर एक पूर्ण पिकलेले केळे किंवा चिकू ठेवावा. त्या पिकल्या फळातून निघणारा इथिलीन पुरेसा असतो. तोंड सैल दुमडावे, हवाबंद करू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेली केळी घामेजतात, हवा न मिळाल्याने त्यांना उग्र वास येतो आणि ती पिकण्याऐवजी कुजतात. तांदळाच्या किंवा गव्हाच्या डब्यात खोचून ठेवण्याची जुनी रीतही चालते. दुसऱ्या दिवसापासून रोज एकदा उघडून पाहावे. हिवाळ्यात पाच-सहा दिवस, एरवी तीन-चार दिवस लागतात. रंग निम्मा उतरला की फणी बाहेर काढून मोकळ्या हवेत ठेवावी, नाहीतर सगळी केळी एकाच दिवशी अंगावर येतात. कडक उन्हाळ्यात पिशवी माठाशेजारी किंवा घरातल्या सर्वात थंड कोपऱ्यात जमिनीलगत ठेवावी, आणि साल हिरवट राहिली तरी बोटाने दाबून मऊपणावरून अंदाज घ्यावा. बंद डब्यात किंवा खोलीत धूर कोंडून पिकवण्याचा प्रयोग घरात करू नये. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि बंद जागेत तो जिवावर बेततो.

केळी ठेवताना लोक एक चूक हमखास करतात. हिरवी किंवा अर्धपिकी केळी फ्रीजमध्ये ठेवतात. केळे उष्ण प्रदेशातले फळ आहे. साधारण १३ अंशांखाली त्याच्या सालीच्या पेशी बिघडतात, साल काळपट होते आणि नंतर बाहेर काढले तरी ते नीट पिकत नाही. पूर्ण पिकलेले केळे मात्र फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहू शकते. साल काळी दिसेल, गर चांगला असतो. एरवी केळी दोरीने टांगून किंवा पालथी ठेवावीत, म्हणजे खालची बाजू दबत नाही, आणि सफरचंद, चिकू, टोमॅटो यांच्या टोपलीत ती ठेवू नयेत. सोलण्यापूर्वी केळे धुवावे. साल आपण खात नाही हे खरे, परंतु सालीवरची धूळ, औषधाचे अंश आणि दहा हातांचा मळ आपल्या बोटांवरून गरावर जातो. लहान मुलाला देताना तर हे आवर्जून करावे. साधे वाहते पाणी पुरते; साबण किंवा भांड्यांचे द्रव वापरू नये.

केळ्यांविषयी मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांचा थोडक्यात समाचार घेते. गराच्या मध्यभागी लालसर किंवा गर्द रेघ दिसली की "रक्त टोचलेले केळे" असा संदेश पसरतो. ती रेघ बुरशी किंवा जिवाणूंच्या रोगामुळे येते. असे केळे टाकून द्यावे, त्यापलीकडे त्यात काही नाही. मधले बारीक काळे ठिपके म्हणजे न वाढलेल्या बिया. जुळे केळे गरोदर स्त्रीने खाल्ले तर जुळी मुले होतात, हा समज अजूनही ऐकू येतो. त्यात कोणतेही तथ्य नाही आणि त्या काळात केळे मिळत असेल तर ते निश्चिंतपणे खावे. खरी काळजी काहींनीच घ्यायची आहे. शंभर ग्रॅम केळ्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, म्हणून मूत्रपिंडाच्या विकारात, विशेषतः डायलिसिस चालू असताना, किती खावे हे डॉक्टरांनाच विचारावे. मधुमेह असलेल्यांनी फार पिकलेल्या केळ्याऐवजी नुकते पिकलेले, लहान आकाराचे केळे घ्यावे आणि त्याचा हिशेब आहारात धरावा. रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असलेल्या काही जणांना केळ्यानेही ओठांना खाज किंवा सूज येते. असे झाले तर ते खाणे थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

शेवटी, कार्बाइडची पुडी प्रत्यक्ष सापडलीच तर काय करावे, ते सांगते. गेल्या उन्हाळ्यात घराजवळच्या एका विक्रेत्याने माझ्यासमोर नवा क्रेट उघडला, तेव्हा तळाशी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली, बोटभर लांबीची पुडी होती. कागद ओलसर होऊन फाटला होता आणि आत पांढरट राख दिसत होती; क्रेटमधून लसणासारखा वास आला आणि वरच्या फणीला हात लावला तर ती कोमट लागली. कार्बाइडच्या संशयाला बळ देणाऱ्या खुणा याच: पुडी, लसणासारखा वास आणि आतली ऊब. अशा वेळी पुडीला ओल्या हाताने शिवू नये, तिच्यावर पाणी ओतू नये आणि जवळ काडी पेटवू नये, कारण ॲसिटिलीन ज्वालाग्राही आहे. क्रेटचे, पुडीचे आणि दुकानाचे छायाचित्र घ्यावे, तारीख-वेळ लिहून ठेवावी, बिल मिळत असेल तर ते घ्यावे.

तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करायची असते. प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००२२२३६५ आहे. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त कार्यालयात लेखी अर्जही देता येतो, आणि केंद्रीय प्राधिकरणाच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' या ॲपवर छायाचित्रांसह तक्रार नोंदवता येते. तक्रारीत दुकानाचा नेमका पत्ता, मालाचा प्रकार आणि आपण काय पाहिले, एवढेच लिहावे. ऐकीव गोष्टी घालू नयेत, त्याने तक्रार दुबळी होते. सहसा अन्न सुरक्षा अधिकारी येऊन नमुना घेतात, पण कायद्याने ग्राहकालाही एक अधिकार दिलेला आहे, ज्याची माहिती फार थोड्यांना असते. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार आपण विकत घेतलेला पदार्थ ठरलेले शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. त्यासाठी खरेदी करतानाच विक्रेत्याला तसा इरादा सांगावा लागतो.

मी त्या दिवशी विक्रेत्याला तो क्रेट बाजूला ठेवायला लावला आणि छायाचित्रांसह तक्रार केली. त्याचे म्हणणे असे होते की माल वखारीतून तसाच येतो, तो स्वतः काही टाकत नाही. ते खरे असू शकते, म्हणून तक्रारीत विक्रेत्याबरोबर त्याने सांगितलेल्या वखारीचाही पत्ता दिला. छोट्या गाडीवाल्यावर कारवाई होऊन वखार तशीच चालू राहिली तर पुडी दुसऱ्या गाडीवर पोहोचते. त्यामुळे माल कोठून आला ही माहिती शांतपणे विचारून घेणे आणि अर्जात लिहिणे हा तक्रारीचा सर्वात महत्त्वाचा भाग आहे. आता त्याच विक्रेत्याकडून मी दर आठवड्याला एक हिरवी फणी घेते. माझ्यासाठी तो ती बाजूला काढून ठेवतो, आणि सोसायटीतली आणखी काही घरेही आता हिरवीच मागू लागली आहेत.